भविष्य सांगणारे जुने चहाचे कप: ओळखायचे कसे, घ्यायचे कसे आणि त्यात भविष्य कसं ‘वाचतात’

कपाच्या आतल्या बाजूला राशींची, ग्रहांची चिन्हं, नाहीतर साप, नाल, अंगठी, जहाजाचा नांगर अशी छोटी छोटी चित्रं छापलेली असतात, चहा पिऊन झाला की तळाशी उरलेली पत्ती ज्या चित्राजवळ चिकटेल त्यावरून भविष्य सांगायचं. इंग्लंडमधे स्टोक-ऑन-ट्रेंटच्या परिसरातल्या पॉटरीजनी असे कप विसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून भरपूर काढले आणि आज ऑनलाइन ते सारखे विकायला येतात. आपल्याकडे याबद्दल मराठीत जवळपास काहीच वाचायला मिळत नाही, आणि विकणारे तर मनाला येईल ते वय सांगतात, म्हणून मला जे माहितीय ते सगळं एका जागी लिहितोय.

एक गोष्ट आधीच सांगतो कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे. हा कप नीट कळायला दोन धंदे कळावे लागतात, एक भांडी बनवणाऱ्यांचा आणि दुसरा स्टेजवर ‘मनातलं ओळखणाऱ्या’ मेंटलिस्ट लोकांचा. पहिला कळला की कप किती जुना ते समजतं, दुसरा कळला की तो कप एवढा खपला का ते समजतं.

आधी जात ओळखा

सर्वात जास्त दिसतात त्या तीन जाती. पहिली ज्योतिषाची. एन्सली कंपनीचा ‘नेलरॉस कप ऑफ फॉर्च्युन’ हा त्यातला सर्वात नावाजलेला, त्यात ग्रह आणि राशींच्या खुणा असतात आणि नाव बहुतेक वेळा कपावर किंवा तळाशी लिहिलेलं असतं. दुसरी जात शकुन-अपशकुनाच्या चित्रांची, यात पॅरागॉन कंपनीचा कप प्रसिद्ध आहे, कपात आणि बशीत रंगीत चित्रं, आणि ‘तुझ्या चहात भविष्य बघताना किती अजब गोष्टी दिसतात’ अशा अर्थाची यमक जुळवलेली ओळ. तिसरी जात पत्त्यांची, कपात इस्पिक-बदामाचे इवलेसे पत्ते छापलेले. अमेरिकेतल्या सिनसिनाटीच्या युनायटेड स्टेट्स प्लेइंग कार्ड कंपनीने 1924 मधे ‘कप ऑफ नॉलेज’ नावाने असा कप काढला होता, पत्त्यांवरून भविष्य सांगायची पद्धत आणि चहाची पत्ती दोन्ही एकत्र.

या कपांबरोबर बऱ्याचदा एक छोटी पुस्तिका यायची, कुठल्या चिन्हाचा काय अर्थ ते सांगणारी. पुस्तिका असेल तर कपाएवढीच जपा, कारण कप पुष्कळ वाचतात, कागद वाचत नाही.

मग तळ वाचा

हे सर्वात महत्त्वाचं आहे म्हणून इथे जरा रेंगाळतो. कप उलटा करा, चांगल्या उजेडात धरा, मोबाइलचा कॅमेरा झूम करून तळाच्या शिक्क्याचा फोटो काढा आणि एकेक शब्द वेगळा बघा.

शिक्क्यात ‘इंग्लंड’ असेल तर कप साधारण 1891 नंतरचा, कारण त्या वर्षापासून अमेरिकेत आयात होणाऱ्या मालावर देशाचं नाव टाकणं कायद्याने सक्तीचं झालं आणि इंग्लिश कारखान्यांनी ते टाकायला सुरुवात केली. ‘मेड इन इंग्लंड’ असं पूर्ण असेल तर विसाव्या शतकातला धरा. ‘डिशवॉशर सेफ’ वगैरे लिहिलं असेल तर विक्रेता कितीही शपथा घेवो, तो कप तुमच्या आजीच्या काळातला नाही.

‘आरडी नंबर’ असं काही लिहून पुढे आकडा असेल तर ती डिझाइनची सरकारी नोंद. हे आकडे 1884 मधे 1 पासून सुरू झाले, 1890 च्या सुरुवातीला साधारण 1 लाख 41 हजारावर होते आणि 1900 च्या सुरुवातीला साधारण 3 लाख 51 हजारावर. म्हणजे 4 लाखाच्या पुढचा आकडा दिसला की डिझाइन 1900 नंतरचं. पण इथेच लोक फसतात, हा नंबर डिझाइन कधी नोंदवलं ते सांगतो, तुमच्या हातातला कप कधी भाजला ते सांगत नाही, तेच डिझाइन कारखाना पुढे कित्येक वर्षं काढत राहू शकतो. त्यामुळे नंबर म्हणजे ‘याच्या आधीचा नक्की नाही’ एवढंच समजायचं.

पॅरागॉनच्या शिक्क्यातून एक छान तर्क काढता येतो. काही कपांवर राजघराण्याची मोहोर असते आणि त्यात दोन राण्यांची नावं असतात, ‘हर मॅजेस्टी द क्वीन’ आणि ‘क्वीन मेरी’. आता क्वीन मेरी म्हणजे पाचव्या जॉर्जची विधवा, ती 1953 मधे वारली, आणि तिच्या बरोबर दुसरी ‘क्वीन’ असायला सहावा जॉर्ज गादीवर यायला हवा, तो आला 1936 च्या डिसेंबरमधे. म्हणजे दोन राण्यांचा शिक्का या दोन वर्षांच्या मधला, आणि ‘व्हिक्टोरियन जिप्सी कप’ म्हणून कोणी तो विकत असेल तर साफ चुकीचं. व्हिक्टोरिया राणी 1901 मधेच गेली, आणि तेव्हा पॅरागॉन हे कंपनीचं नावही नव्हतं, ती तेव्हा स्टार चायना कंपनी होती.

कपाची तब्येत तपासा

प्रत्यक्ष हातात असेल तर कपाचा कान म्हणजे त्याची दांडी धरून कप बोटांच्या पेरावर टेकवा आणि दुसऱ्या हाताच्या नखाने कडेवर हलकीशी टिचकी मारा. चांगल्या बोन चायनाचा आवाज लांब आणि स्वच्छ येतो, तडा असेल तर आवाज बसका येतो आणि लगेच मरतो. मग मोबाइलचा टॉर्च कपाच्या आत ठेवा, बोन चायना असेल तर प्रकाश आरपार दिसतो आणि केसासारखी बारीक चीरही त्यात काळी रेघ होऊन दिसते. कडेवरून बोट फिरवा, टवका उडालेला असेल तर डोळ्याआधी बोटाला कळतं. कान जिथे कपाला चिकटतो ती जागा खास बघा, कारण कान तुटून परत चिकटवलेले कप खूप येतात, अल्ट्राव्हायोलेट टॉर्च मिळाला तर अंधारात मारा, दुरुस्तीचा गोंद आणि नंतर लावलेला रंग बऱ्याचदा वेगळाच चमकतो.

आतली चित्रं पुसट झालीत का तेही बघायचं. चित्रं कपावरच्या काचेसारख्या चकचकीत थरावर म्हणजे ग्लेझच्या वर छापलेली असतील तर चमच्याने आणि घासणीने झिजतात, आणि भविष्याच्या कपाचा जीव त्या चित्रांतच आहे. सोनेरी कड थोडी गेलेली चालते, राशीच गेल्या असतील तर घेऊ नका.

बोन चायनामधे जनावराच्या हाडांची राख असते, साधारण निम्मी. कट्टर शाकाहारी घरात काही जणांना हे चालत नाही, तर आणण्याआधी घरात बोलून घ्या.

विकत घेताना

ऑनलाइन लिस्टिंगमधली मागितलेली किंमत बघून काही कळत नाही, ‘विकले गेलेले’ हा फिल्टर लावा आणि खरोखर किती पैसे पडले ते बघा. तळाचा, कानाचा, आतल्या चित्रांचा आणि कडेचा वेगळा फोटो मागा, जो विक्रेता तळाचा फोटो द्यायला टाळाटाळ करतो त्याच्याकडून घ्यायचंच नाही. कप आणि बशी एकाच जोडीचे आहेत ना, दोघांचे शिक्के जुळतात ना, हे विचारा. पॅकिंगला दोन खोके लागतात, आतल्या खोक्यात कप आणि बाहेरच्या खोक्यात चारी बाजूंनी भर, आणि कप बशीवर ठेवून पॅक करायचा नाही, वेगवेगळे गुंडाळायचे. ड्युटी किती लागेल ते कुरियरला आधीच विचारून ठेवा नाहीतर कपापेक्षा कस्टम महाग पडतं.

इथे शोधायचं तर मुंबईत चोरबाजारातली मटण स्ट्रीट आहेच, जुन्या पारशी घरांतली इंग्लिश क्रोकरीही कधीकधी बाजारात येते. भविष्याचाच कप मिळेल याची खात्री नाही, पण शिक्के वाचायची सवय लागायला यासारखी जागा नाही, तासभर नुसते तळ बघत फिरलात तरी पुष्कळ शिकाल.

एक कायद्याची गोष्ट: 1972 च्या पुरावशेष कायद्याच्या व्याख्येत 100 वर्षांहून जुन्या कलावस्तू येतात आणि सामान्य माणसाला त्या देशाबाहेर नेता येत नाहीत. त्यामुळे इथे मिळालेला जुना कप परदेशातल्या बहिणीला पाठवायचा विचार असेल तर आधी भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडे चौकशी करा.

धुणं आणि वापरणं

प्लास्टिकच्या टबात तळाला जुना टॉवेल घाला, कोमट पाणी, थोडं सौम्य साबण, आणि एका वेळी एकच कप. तारेची घासणी, ब्लीच, डिशवॉशर, मायक्रोवेव्ह यातलं काहीही नको, सोनं तर मायक्रोवेव्हमधे ठिणग्या टाकतं. चहाचे डाग जुने असतील तर 3 टक्क्यांच्या हायड्रोजन पेरॉक्साइडमधे बुडवून ठेवा, केमिस्टकडे मिळतं, खाण्याचा सोडा चोळायचा मोह आवरा कारण त्याने चित्रं झिजतात.

आता पिण्याबद्दल. जुन्या रंगांमधे आणि ग्लेझमधे शिसं किंवा कॅडमियम असू शकतं, आणि आंबट पेयात ते जास्त सुटतं, म्हणून लिंबाचा चहा या कपात कधीच नाही आणि रोजचा चहाही नाही. मी सुचवतो ती पद्धत अशी, चहा साध्या काचेच्या ग्लासात प्यायचा आणि शेवटचा चमचाभर चहा पत्तीसकट या कपात ओतायचा. मजा तीच राहते आणि पोटात काही जात नाही.

पत्ती कुठली घ्यायची

आपल्या घरात येणारी पत्ती या कामाला चालत नाही. आपली पत्ती बहुतेक सीटीसी असते, गोल गोल दाणे, त्याचा तळाशी नुसता चिखल होतो आणि आकार काही दिसत नाही. ऑर्थोडॉक्स पानाची पत्ती आणा, दार्जिलिंग किंवा आसामची ऑर्थोडॉक्स, सुटी मिळते. दूध नाही, साखर नाही, गाळणं नाही. कपामागे चिमूटभर पत्ती पुरते, वरून उकळतं पाणी, तीनचार मिनिटं.

चमचाभर पाणी उरलं की ज्याचं भविष्य बघायचं त्याने कप डाव्या हातात धरून तीनदा गोल फिरवायचा, पत्ती कडेपर्यंत चढली पाहिजे, मग हळूच बशीत उपडा घालायचा आणि मिनिटभर तसाच ठेवायचा. सरळ केला की कान स्वतःकडे करायचा. कान म्हणजे तो माणूस आणि त्याचं घर, कानाजवळची पत्ती घरातली गोष्ट, कानाच्या समोरची बाहेरची. कडेजवळचं लवकर होणार, तळाचं उशिरा.

आता खरा भाग: वाचणारा काय करतो

साध्या पांढऱ्या कपात भविष्य बघणाऱ्याला पत्तीचे आकार दिसावे लागतात, हा कुत्रा, ही बोट, ही अंगठी, आणि हे सगळ्यांना जमत नाही. छापील कपाने ही अडचणच काढून टाकली. चित्रं आधीच आहेत, पत्ती फक्त कुठल्या चित्राला शिवली एवढं बघायचं आणि बोलायला लागायचं. आपल्या पोपटवाल्या ज्योतिषाच्या पाकिटातलं कार्ड जे काम करतं तेच हे चित्र करतं, बोलणाऱ्याला पहिला शब्द देतं. कुठल्याही घरातली कोणीही बाई दुपारच्या चहाला मैत्रिणींचं भविष्य सांगू शकली ती यामुळे, आणि माझ्या मते कप खपले ते याचसाठी.

बोलण्याची जी कला लागते ती मात्र स्टेजवर तयार झाली होती. अमेरिकेत तेव्हा व्होडव्हिल थिएटर, म्हणजे नाच, गाणी, जादू असे मिश्र कार्यक्रम करणारी, जोरात होती आणि त्यात प्रश्नोत्तरांचा खेळ चालायचा. प्रेक्षक चिठ्ठीवर प्रश्न लिहायचे, चिठ्ठी बंद पाकिटात, आणि स्टेजवरचा माणूस पाकीट कपाळाला लावून उत्तर द्यायचा. त्यातली सर्वात जुनी युक्ती ‘एक पुढे’ राहायची. पहिल्या पाकिटाला तो जे उत्तर देतो ते त्यातल्या चिठ्ठीचं नसतंच, गर्दीत बसवलेला त्याचाच माणूस ‘बरोबर, माझाच प्रश्न’ म्हणतो, मग खात्री करायला म्हणून स्टेजवरचा पाकीट फोडतो आणि तेव्हा खरं तर पुढच्या माणसाची चिठ्ठी वाचून घेतो. शेवटपर्यंत तो एका चिठ्ठीने पुढे. ॲना इव्हा फे नावाची ओहायोत जन्मलेली बाई (1851 ते 1927) लिहायला पॅड वाटायची, त्यातल्या आतल्या कागदावर मेणामुळे लिहिलेलं उमटायचं, प्रेक्षक आपली चिठ्ठी खिशात घालून निवांत बसायचा आणि मजकूर पडद्यामागे पोचलेला असायचा. लंडनच्या मॅजिक सर्कल या जादूगारांच्या संस्थेने 1913 मधे तिला मानाचं सदस्यत्व दिलं.

क्लॉड अलेक्झांडर कॉनलिन (1880 ते 1954), ‘अलेक्झांडर, द मॅन हू नोज’, हा या सगळ्यांतला सर्वात श्रीमंत झालेला. मूळचा साउथ डकोटाचा गोरा माणूस, पण पोस्टरवर डोक्याला फेटा आणि पौर्वात्य झगा. पूर्वेकडच्या माणसाला गूढ ज्ञान असतं हा तिकडचा समज त्याने पुरेपूर वापरला, आणि फेट्याचा दुसरा उपयोग म्हणजे पडद्यामागच्या मदतनिसाचा आवाज ऐकायचं यंत्र त्यात लपायचं. आपल्या नावावर दुसऱ्यांनी केलेली ही कमाई बघून मला राग येतो, ते मोकळेपणाने सांगतो. शो संपला की धंदा संपत नव्हता, स्फटिकाचे गोळे, पत्रिका, पुस्तिका पोस्टाने विकल्या जायच्या. 1921 मधे तर त्याने स्टेजच्या युक्त्या सांगणारं पुस्तकही छापलं. प्रेक्षक थिएटरमधून गूढतेचा तुकडा घरी नेऊ बघत होता आणि कप, गोळा, पत्ते हे सगळं त्याच भुकेवर विकलं गेलं.

झान्सिग जोडपं वेगळ्या जातीचं. ज्युलियस प्रेक्षकांत फिरून कोणाचं तरी घड्याळ हातात घ्यायचा, ॲग्नेस स्टेजवरून ते काय आहे ते सांगायची. 1906 मधे लंडनच्या अल्हाम्ब्रा थिएटरात त्यांनी धमाल उडवली. प्रश्न विचारण्याच्या शब्दांतच खुणा भरलेल्या होत्या, ‘आता सांग’ वेगळं आणि ‘हं, सांग बरं’ वेगळं अशा तऱ्हेचं, वर्षानुवर्षांच्या रियाजाने पाठ केलेलं. शेरलॉक होम्सचा लेखक आर्थर कॉनन डॉयल याला ती खरी टेलिपथी वाटायची, जादूगार हुदिनी म्हणायचा सांकेतिक भाषा आहे, आणि हुदिनीच बरोबर होता.

कपासमोर बसलेल्या एकट्या माणसाला मात्र पॅड, फेटा, जोडीदार यातलं काही मिळत नाही. त्याला लागतं ते कोल्ड रीडिंग, म्हणजे कोणालाही लागू पडेल असं बोलून समोरच्याकडूनच माहिती काढून घ्यायची कला. 1948 मधे बर्ट्राम फोरर या मानसशास्त्रज्ञाने आपल्या 39 विद्यार्थ्यांना ‘तुमच्या स्वभावाचं विश्लेषण’ म्हणून कागद दिले आणि किती जुळतं त्याला 5 पैकी मार्क द्यायला सांगितले. सरासरी आली 4.26. सगळ्यांना दिलेला मजकूर एकच होता, भविष्याच्या पुस्तकातून उचललेला.

घरातलंच उदाहरण घेऊन बघा. समोर मावशी, पत्ती कानाजवळ नांगराला चिकटलीय.

“मावशी, नांगर आलाय, आणि अगदी घराजवळ. कुठलीतरी गोष्ट बरेच दिवस अडून राहिलीय का गं?”

“हो रे, फ्लॅटचे पेपर्स.”

“तेच. पण तुला त्रास कागदांचा नाहीये, मधे कोणीतरी माणूस आहे.”

“आहेच ना, तो एजंट! तुला कसं कळलं?”

आता हे सावकाश परत वाचा. नांगर म्हणजे अडकणं किंवा स्थैर्य, दोन्ही बसतं. ‘बरेच दिवस अडलेलं काहीतरी’ हे पन्नाशीच्या कुठल्या माणसाला लागू नाही? फ्लॅट तिने सांगितला, मी नाही. आणि कागद जिथे अडतात तिथे माणूस असतोच. आठवड्याने मावशी सगळ्यांना सांगेल की कपात फ्लॅट दिसला होता, कारण प्रश्न विसरला जातो, उत्तर लक्षात राहतं.

घरी करायचं असेल तर

अर्थांची एक छोटी यादी पाठ करा, नाल म्हणजे नशीब, साप म्हणजे शत्रू, कुत्रा म्हणजे विश्वासू मित्र, अंगठी म्हणजे लग्न. प्रत्येकाची एक चांगली आणि एक सावध बाजू तयार ठेवा. आधी बघा मग बोला, हात, अंगठी, चष्म्याचा नंबर, किती वेळा फोन बघतोय. विधान प्रश्नासारखं करा आणि थांबा, माणूस शांतता भरून काढतो, घाईने तुम्ही भरलीत तर काही हाती लागत नाही. दोन चिन्हं जोडून एक गोष्ट करा, सुटी सुटी भाकितं कंटाळवाणी होतात.

आणि हे पाळाच: आजार, मरण, मूल होणं, कोर्टकचेरी, पैसे गुंतवणं यावर एक शब्द बोलायचा नाही. पैसे घ्यायचे नाहीत. सुरुवातीलाच सांगायचं की हा खेळ आहे, आणि संपल्यावर युक्ती उलगडून दाखवायची, तेव्हा जे चेहरे होतात ते भविष्यापेक्षा बघण्यासारखे असतात. न्यूयॉर्कच्या कायद्यात आजही पैसे घेऊन भविष्य सांगणं गुन्हा आहे, करमणूक म्हणून केलं तर सूट, म्हणून तिथल्या टी-रूममधे चहाचे पैसे घ्यायचे आणि कप वाचणं ‘फुकट’ अशी वाट काढलेली असायची. आपल्याकडे 2013 पासून जादूटोणाविरोधी कायदा आहे, चमत्काराचा दावा करून लोकांना फसवणं, लुबाडणं त्यात बसतं. समोरचा माणूस खरंच दुःखात असेल आणि कपाकडे आशेने बघत असेल तर कप बाजूला ठेवा आणि त्याच्याशी नुसतं बोला.

ठेवायचं कसं

कप एकात एक रचू नका, कानाला दोरी बांधून टांगू नका, बशीवर ठेवायचा असेल तर मधे मऊ कापड. प्रत्येक कपासाठी एक कागद करा, शिक्क्याचा फोटो, नोंदणीचा नंबर, कुठून आणि कितीला घेतला, काय दुरुस्ती आहे, पुस्तिका आहे की नाही. कागद कपाच्या आत घालू नका, वेगळ्या फाइलमधे ठेवा आणि कपाच्या तळाला स्टिकर तर अजिबात लावू नका, काढताना शिक्क्याची शाई बरोबर येऊ शकते.